ढब्बी आत्या

४ जून

प्रिय वहिनी,

दादाचा गुडघा कसा आहे ते शेवटी विचारते. आधी बातमी, आणि ती बसून वाच.

सूरमामा येतोय, पोरांना गाणंबजावणं दाखवणारी त्याची मंडळी घेऊन. आमच्या शाळेत, आमच्याच सभागृहात, जिथे मी रोज पहिली ते चौथीच्या पोरांना गाणं शिकवते.

मोठ्या बाई आज शिक्षकांच्या खोलीत पत्रक नाचवतच आल्या. "यंदा मुलांसाठी 'बासरीचं घर' आणलंय! ते मामा काय हसवतात म्हणे! तुम्हाला तर फारच आवडेल, तुम्ही बासरीतल्या." मी म्हटलं, "हो, ऐकून आहे." अर्धा चहा बशीत सांडला होता तो तसाच प्यायले.

तुला वरवरचं माहीत आहे, आज सगळं लिहिते. 'बासरीचं घर' ही कल्पना माझी. पिकोलो, ती चिमुकली बासरी, म्हणजे तान्हं बाळ, नेहमीची बासरी म्हणजे ताई, आणि शेवटी दिवे मंद करून माझी खर्जाची बासरी. काठीएवढी लांब, तोंडाशी छत्रीच्या मुठीसारखी वळलेली. ती घरातली आत्या, सगळ्यांना थोपटून निजवणारी. तिचा आवाज इतका खोल आणि इतका हळू, की समोरचे गप्प झाले तरच पोचतो. मुलांना आपण होऊन गप्प व्हावंसं वाटेल, एवढीच माझी हौस होती. मामा म्हणाला, "वा, झकास!" आणि पहिल्याच कार्यक्रमात, मला एका शब्दाने न सांगता, माइकवर ओरडला, "आता येतायत आपल्या ढब्बी आत्या! जेवण जास्त झालं की यांच्या पोटातून कसा आवाज येतो ऐका!"

हशा. पुढच्या वेळी त्याने झग्याखाली बांधायला उशी आणली. आणि मी ती बांधली, वहिनी. वर्षानुवर्षं बांधली. मी पडद्यातून बाहेर आले की पोरं किंचाळायची, आणि मी जे वाजवायचे ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जायचं नाही.

शेवटच्या दिवशी आई आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. मामाने छडीने माझी उशी टोचली, "आत्या, आणखी वाढू का?" सगळं सभागृह हसलं. आईसुद्धा हसली. तिला वाटलं, इथे हसायचंच असतं. घरी येऊन म्हणाली, "छान आहे गं तुझं काम, लोकांना हसवायचं." मी दुसऱ्या दिवशी काम सोडलं आणि आईला कारण सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिला ते माहीत नव्हतं.

हल्ली दुसरी कुणी पोरगी आत्या होते म्हणे. असेल कुणी लाज सोडलेली. त्याच्या मंडळीत जो वाजवेल त्याचं मी तोंड पाहणार नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं, आजही म्हणते.

आता माझा बेत ऐक. दोनशे पोरं माझ्या हाताखाली आहेत. मामा येईपर्यंत मी त्यांना खर्जाची बासरी अशी ऐकवणार, की ढब्बी आत्या आली तर एकही पोर हसणार नाही. लोकांना हसवून जगणाऱ्या माणसाला याहून मोठा मार आहे का? मामाला यंदा मामा बनवते की नाही बघ.

गुडघ्याला तेल लावतोय ना दादा?

तुझी नणंद


११ जून

प्रिय नणंदबाई,

तुझ्या दादाचा गुडघा बरा, पण जीभ जास्त चालते. तेल मी लावायचं आणि उपदेश त्याने करायचा, असा आमचा संसार.

सासूबाई हसल्या होत्या हे मला ठाऊक नव्हतं.  त्या माणसाला मीही कधी माफ करणार नाही. पण एक सांगते. राग मामावर आहे तर मामावरच ठेव. ती कोण पोरगी असेल, तिला "लाज सोडलेली" कशाला? पोट प्रत्येकाला असतं, उशी न बांधताही असतं. तुझी ही बासरी शिकून माणसाला दुसरं काम मिळतं कुठे?

तुझ्या भाचीला, टिटवीला, नोकरी लागली. फिरतीची आहे, महिनामहिना घरी नसते. खूश आहे असं म्हणते. तुला पत्र लिही म्हटलं, तर "वेळ मिळाला की" म्हणाली. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून ती मोठी नळी फुंकायची आणि चक्कर येऊन पडायची, आठवतं? आता तिला चक्कर येत नाही.

पोरांना ऐकव. त्यात वाईट काहीच नाही. उलट पोरं नीट ऐकतील तर वाजवणाऱ्याचंही भलंच होईल.

तुझी वहिनी


२० जून

वहिनी,

माझं नाक कापलं गेलं.

पहिल्या दिवशी दुसरीच्या वर्गात पेटी उघडली. एकजण म्हणाला, "बाई, आमच्या बेसिनखाली असलाच पाइप आहे!" तिथून जे सुटलं ते थांबेचना. मी म्हटलं, हसून घ्या, आता ऐका. पहिला सूर लावला. थंड नळीत तो नेहमीच जरा घरघरतो. मागून कुणीतरी अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, तुमचं पोट बिघडलंय का?"

वर्ग लोळला, वहिनी. मामाने न शिकवताच!

आणि मी काय केलं? टेबलावर छडी आपटली. "हसेल त्याला वर्गाबाहेर काढीन!" गप्प झाली सगळी. मग मी वाजवलं, आणि पोरं माझ्या बोटांकडे न बघता छडीकडे बघत राहिली. असल्या शांततेचं मी काय करू? त्या दिवशी मामा येईल, पोरं माझ्या भीतीने ओठ दाबून बसतील, आणि तो एका गुदगुल्या-विनोदात त्यांचे ओठ उघडेल. त्याचं पोट त्याच्यावरच चालतं.

चौथीतही तेच. तिसरीत तर एकाने नाक धरलं.

बाकी, त्या पोरीची तुला एवढी कणव का यावी हे मला कळलं नाही. तू तिला ओळखत नाहीस, मी तिच्यासारखी उभी राहिलेली आहे. उशीची गाठ जो तो आपल्याच हाताने बांधतो.

टिटवीला नोकरी लागली हे बरं झालं. कसली ते लिहिलं नाहीस.

तुझी नणंद


२६ जून

प्रिय नणंदबाई,

छडी आधी कपाटावर टाक. तू सूड घ्यायला निघालीस की त्याची धाकटी बहीण व्हायला?

माझं ऐक. तुझ्या दादाच्या घोरण्याची गोष्ट तुला माहीत आहे. टिटवी चार-पाच वर्षांची असताना तो घोरला की फिदीफिदी हसायची. मी दटावायचे, तर उशीत तोंड खुपसून हसायची, आणि दाबलेलं हसू जास्तच फुटायचं. एकदा मी कंटाळून म्हटलं, "हस बाई, मनसोक्त हस, मीही हसते." दोघी हसलो, बाप घोरतच होता. हसून हसून ती दमली. मग हळूच जाऊन त्याच्या छातीला कान लावून पडली आणि म्हणाली, "आई, आत कुणीतरी चालतंय." आणि झोपली.

तर हसू संपू दे. पोरांच्या पोटात जेवढं आहे तेवढं बाहेर येऊ दे, तूही त्यांच्यात हस. आणि लांब उभी राहून वाजवू नकोस. हात लावू दे त्यांना. ती बासरी कानापेक्षा हाताला आधी ऐकू येते, हे तूच मला सांगितलं होतंस.

टिटवीची नोकरी वाजवण्याशीच संबंधित आहे. जास्त तीच सांगेल.

तुझी वहिनी


१० जुलै

वहिनी, वहिनी,

तुझ्या तोंडात साखर पडो!

दुसरीच्या वर्गात जाऊन मी म्हटलं, "आज अभ्यास नाही. आज या पाइपला हसायचं. कोण जास्त हसतो बघू." मी मुद्दाम घाणेरडे आवाज काढले. बाकं हलवली त्यांनी. एकाला उचकी लागली. मीही हसले, खोटं कशाला सांगू, खूप वर्षांनी हसले. तास संपायच्या आधीच दमली सगळी. एक पोरगी आहे, तिला आम्ही प्रश्नपेटी म्हणतो, समोरचे दोन दात पडलेले. ती म्हणाली, "बाई, आता पुरे. आता खरं वाजवा."

बाकं भिंतीला लावली, सगळ्यांना जमिनीवर उताणं झोपवलं, नळीचं टोक लाकडी फळीला टेकवलं आणि सर्वात खालचा सूर धरला. श्वास पुरेपर्यंत. कुणी हललं नाही. मग पोरं एकेक करून आली आणि नळीला तळवा लावून गेली. प्रश्नपेटी म्हणाली, "ही बोलत नाही बाई, ही आत आत सांगते." आता त्यांचा एक नियमच झालाय. मी बासरी ओठाला लावली की सगळी आपापल्या छातीवर हात ठेवतात. मी सांगितलेलं नाही. पोचतं का ते बघतात. मागच्या कोपऱ्यातला हात वर करून सांगतो, "इथे आलं!"

तिसरी झाली, चौथी झाली, पहिलीची दोन पोरं तर झोपली. आत्याचं कामच ते.

वहिनी, या सगळ्यात मी क्षणभर मामाला विसरले होते. पण क्षणभरच. रात्रंदिवस डोळ्यांसमोर एकच चित्र आहे. तो छडी फिरवतोय, "ढब्बी आत्या!" म्हणून हात पसरतोय, आणि समोर दोनशे पोरं गप्प. त्याच्या कपाळावर घाम येईल तो मला जवळून बघायचा आहे. म्हणून मी वाटेतच पहिल्या रांगेच्या शेजारी खुर्ची टाकणार आहे. सूड थंड करून खावा म्हणणारे खातील. मला चटका बसलेला चालेल.

तारीख ठरली. ३१ जुलै, सकाळी.

तुझी नणंद


१६ जुलै

प्रिय नणंदबाई,

घाईत लिहिते. थांबव हे.

पोरांना शिकवलंस ते उत्तम. आता त्या दिवशी त्यांना दुसरीकडे ने. बागेत ने, सहलीला ने, मोठ्या बाईंना काहीही कारण सांग.

मला खात्रीलायक कळलंय की उशी अजून आहे. मला वाटत होतं ती बंद झाली, मला तसं सांगण्यात आलं होतं. आणि हेही कळलं, की हशा पडला नाही तर मामा दोष स्वतःकडे घेत नाही. गेल्या वेळी एका गावात पोरं कंटाळली, तर आत्या होणाऱ्या मुलीला त्याने बसस्टँडवर उतरवून दिलं आणि तिच्या जागी दुसरी घेतली. म्हणजे तुझा बाण सुटेल मामावर आणि लागेल त्या पोरीला. तिची पहिलीच नोकरी असेल. घरी सांगितलंही नसेल तिने की काय बांधून उभी राहते. तू तरी सांगितलं होतंस का?

माझ्यासाठी म्हणून थांब. का ते विचारू नकोस.

तुझी वहिनी


२० जुलै

वहिनी,

आधी चढवायचं आणि मग शिडी काढून घ्यायची, हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. दादाने भरवलं असणार. "कशाला वाकड्यात शिरतेस" हे त्याचं जुनं पालुपद आहे, आई असतानाही होतं.

त्या पोरीचं मला सांगू नकोस. काम गेलं तर उशी सुटली म्हणून एक दिवस आभार मानेल. आणि नाही मानले, तर तिला आई असेल ना कुणी? तिच्या आईने बघावं.

मी थांबणार नाही.

नणंद


१ ऑगस्ट

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जसं झालं तसं सांगते. मामा आला, केस काळे करून. मला वाटेत बसलेली पाहिली, ओळखलं, आणि डोळा मारला. वहिनी, डोळा मारला! मी मनात म्हटलं, मार बाबा, मारून घे.

पिकोलो रडली, पोरं खो खो हसली. मी कुणाला हसू नका म्हटलंच नव्हतं. ताई लाजली, तिलाही हसली. मामा रंगात आला. मग त्याने हात पसरले. "आणि आता... ढब्बी आत्या!"

पडदा बाजूला झाला आणि ती आली. आधी मला चाल दिसली. डावा पाय किंचित ओढून, बासरी बाळासारखी कडेवर धरून. ही माझी चाल आहे. बोळात खेळताना माझ्या मागे मागे चालत ती नक्कल करून दाखवायची. पांढरं फासलेलं तोंड, पोटावर उशी, आणि त्या रंगाखाली आपली टिटवी.

 दोनशे हात छातीवर गेले. ज्या क्षणाची मी इतकी वाट पाहिली, त्या क्षणी मी देवाला काय म्हटलं सांगू? म्हटलं, कुणीतरी हसा रे. एक तरी हसा.

कुणी हसलं नाही. माझं शिकवणं पक्कं होतं.

मामा म्हणाला, "आत्यांना भूक लागलीय वाटतं!" शांतता. "अरे, सकाळी नाश्ता केलात की नाही पोरांनो?" शांतता. त्याला घाम आला. मला पाहायचा होता तो घाम मी पाहिला नाही, मी टिटवीचे हात बघत होते. मग त्याने छडीने तिची उशी टोचली. तिने वाजवायला सुरुवात केली होती, सूर तुटला. त्याने पुन्हा टोचली, "आणखी वाढू का?"

तेव्हा प्रश्नपेटी उभी राहिली. ओरडली नाही. मोठ्या माणसाला समजावतात तशी म्हणाली, "मामा, जरा गप्प बसा ना. ऐकू येत नाहीये."

तो हसला, माइकवर, एकटाच. टिटवीने झग्यात हात घालून गाठ सोडली, उशी काढली, रंगमंचाच्या अगदी कडेला जमिनीवर टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि वाजवलं. वहिनी, ती माझ्यापेक्षा चांगलं वाजवते. मागच्या रांगेतून एक हात वर झाला, "इथे आलं!" मामा मागे छडी धरून उभा होता आणि त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

नंतर तो माझ्यापाशी आला. दातांतून म्हणाला, "पोरांना हसायचं नाही म्हणून शिकवलंस? कसली बाई आहेस तू!"

मी म्हटलं, "पिकोलोला हसली की. मी फक्त ऐकवलं. कशाला हसायचं नाही ते त्यांनी ठरवलं."

इतकं गोड उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं, आणि ते माझ्या तोंडात कडू झालं. कारण मागच्या दाराशी त्याने टिटवीच्या हातातून बासरी काढून घेतली, ती मंडळीची होती. अर्धा रंग पुसलेल्या तोंडाने ती माझ्यासमोरून गेली. थांबली. म्हणाली, "झालं समाधान, आत्या?" आणि गेली.

तू सांगितलं का नाहीस?

तुझी नणंद


७ ऑगस्ट

नणंदबाई,

सांगितलं का नाही, ते तुझ्याच पहिल्या पत्रात आहे. "तोंड पाहणार नाही" म्हणालीस. कोणत्या तोंडाने सांगणार होते, ही तुझीच भाची, तुझ्याचसारखी वाजवते, आणि तुझ्याच जागी उभी आहे?

मलाही तिने उशी बंद झाली असंच सांगितलं होतं. पोरं नीट ऐकतील तर तिचं वाजवणं ऐकतील, म्हणून मी आनंदाने तुला हसवायची युक्ती दिली. माझ्याच हाताने माझ्या पोरीच्या पायाखालची फळी काढली. जुलैत ती एक दिवस घरी आली, झोपेत पोट दाबून "गाठ घट्ट झाली" म्हणाली, तेव्हा कळलं.

"तिच्या आईने बघावं" म्हणालीस. बघतेय. घरी येऊन पडलीय, भिंतीकडे तोंड करून.  बोटं मात्र चादरीवर चालू असतात.

तुझा सूड झाला. पोटभर झाला ना? आता काही दिवस पत्र नको.

वहिनी


२९ ऑगस्ट

वहिनी,

नको म्हणालीस तरी लिहिते, कारण टिटवी माझ्याकडे येऊन गेली आणि तुला ती सांगणार नाही.

काल शाळा सुटल्यावर घरी आले तर दारात उभी. पाणी दिलं, घेतलं नाही. बस म्हटलं, बसली नाही. म्हणाली, "तुझ्यामुळे माझी गेली. मला तुझी हवी."

मी कपाटातून पेटी काढली. तिने उघडून नळी जोडली, एका भोकावरचं झाकण नीट बसत नाही ते लगेच तिच्या ध्यानात आलं, मान हलवली, आणि पेटी बंद केली. मी म्हटलं, "टिटवे, मला माहीत असतं तर..." ती म्हणाली, "तर काय? दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर चाललं असतं?"

मी पेटी उचलून तिच्या हातात दिली. 

जिना उतरताना तिने मागे पाहिलं नाही. या घरात आता वाजवायला काही नाही. पोरं विचारतात, बाई, आत्या कुठे गेली? मी सांगते, गावाला.

तिला विचार, काय करणार आहे ती बासरी घेऊन.

तुझी नणंद


१४ ऑक्टोबर

प्रिय नणंदबाई,

विचारलं नाही, कळलं. राग अजून आहे, तरी हे तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

टिटवीने मामाचा माग धरलाय.

त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर तिच्याशी चांगला आहे. मंडळी कुठे जाणार ते तिला आधी कळतं. मामा ज्या गावी मंगळवारी पोचणार, तिथे ही सोमवारी पोचते. शाळेत जाऊन सांगते, मी बासरी शिकवणारी आहे, मुलांना एक मोठी बासरी दाखवायची आहे. जाण्यायेण्यापुरते पैसे शाळा देतात. आधी पोरांना पोटभर हसवते, मग उताणं झोपवते, मग हात लावू देते. सगळं तुझंच. म्हणजे माझंच. संध्याकाळची गाडी पकडून निघून जाते. दुसऱ्या दिवशी मामा उभा राहतो, "ढब्बी आत्या!" म्हणतो, आणि समोर पोरं छातीवर हात ठेवून बसलेली!

पाच-सहा गावांत असं झाल्यावर त्याने आत्याच काढून टाकली. घरात आता फक्त बाळ आणि ताई. तर पोरं ओरडायला लागली, "आत्या कुठाय? आत्या आणा!" एका गावी म्हणे रडारड झाली आणि मुख्याध्यापकांनी मामालाच सुनावलं, मुलांना जे सांगितलं ते दाखवत का नाही म्हणून.

मी तिला म्हटलं, "अगं, किती दिवस?" म्हणाली, "तो दमेपर्यंत. माझा श्वास लांब आहे."

तुझ्यापुढे चार पावलं आहे पोरगी. तिच्या बापाला अभिमान वाटतो, पण दाखवत नाही. मला भीती वाटते, पण तीही मी दाखवत नाही. तुझं नाव काढलं की खोलीतून निघून जाते. मी काय करू शकते?

तुझी वहिनी


२२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आज दुपारी शाळा सुटताना फाटकाशी एक माणूस उभा होता. केस पांढरे. जवळ गेल्यावर ओळखलं, मामा. रंग लावणं सोडलंय.

मी त्याला आत बोलावलं नाही. तोही आत येण्याजोगा दिसत नव्हता.

"तुझ्या भाचीला आवर," म्हणाला. "आत्या आणली तर पोरं हसत नाहीत, नाही आणली तर रडतात. शाळा पुढच्या वर्षाचं ठरवायला तयार नाहीत. मी करू तरी काय?"

"ऐकवा," म्हटलं.

"वाजवणार कोण? कुणी यायला तयार नाही. गावोगाव माझी कीर्ती पोचवलीय तिने." मग मान खाली घालून म्हणाला, "तू ये परत. उशी नाही, विनोद नाही. तू म्हणाली होतीस तसं, दिवे मंद करून, शेवटी."

वहिनी, हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते तुला माहीत आहे. त्याने ते फाटकाबाहेर उन्हात उभं राहून म्हटलं, आणि मी त्याला सावलीत ये म्हटलं नाही.

"माझ्याकडे बासरी नाही," मी म्हणाले. "ती भाचीकडे आहे."

"मग तिला घेतो. मोठ्या पगारावर घेतो. माफी मागतो तिची, पोरांसमोर मागतो. तेवढं तिला सांग."

"ती माझ्याशी बोलत नाही."

"तिच्या आईला सांग."

"बघते," म्हटलं.

तो बराच वेळ उभा राहिला. पोरं त्याच्या अंगावरून पळत गेली, एकानेही मामा म्हणून हाक मारली नाही. तो चालू लागल्यावर मी फाटकाची कडी लावली आणि हसले. पोट धरून हसले. पहारेकरी विचारायला लागला, बाई, पाणी देऊ का?

तर त्याचा निरोप मी तुला पोचवला, शब्दन्‌शब्द. तू लपवलंस तसं काही लपवलं नाही. पुढचं तुझ्या हातात आहे आणि तू आई आहेस, तू तुला पटेल ते करशील. टिटवीला चांगली जागा मिळेल, मान मिळेल, उन्हातान्हाची वणवण थांबेल. हे सगळं मलाही दिसतं, मी आंधळी नाही.

पण तो अजून पुढच्या महिन्यात सात गावं फिरणार आहे, असं जाता जाता म्हणाला. तेवढी होऊ देत, वहिनी. तोवर टिटवीला काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती थांबेल.

तुझी नणंद